कोयता निघाला, लेकरं मागे राहिली

मैत्रिणींनो, दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून जोड्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. लेकरं आजीजवळ राहतात. पाणी, चूल, धाकटी भावंडं थोरलीच्या गळ्यात पडतात, शाळा सुटते. मग ‘पोर एकटी कशी ठेवायची’ म्हणून लग्न उरकतात. 2006 च्या कायद्याने 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे; ते रोखायचा अधिकार गावात ग्रामसेवकांना आहे. आई-बाप निघण्याआधीच शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. तिथे मुलांच्या जेवणाची सोय होते. आपण सुप्यातल्या गटाच्या बायका एवढं करू: अशी घरं वाटून घेऊ, आठवड्याला डोकावू, 1098 हा मोफत नंबर मुलांकडून पाठ करून घेऊ. शेजारणीचं येणं-जाणं असलं की आजीलाही धीर येतो.