गच्चीवरची झोप

जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना गच्चीवरच्या झोपेचं मोल सांगायला नको. दिवसभर पारा 45 च्या आसपास. भिंती रात्रीही तापलेल्या. जेवणं उरकली की गच्चीवर पाणी शिंपडायचं आणि गाद्या टाकायच्या, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

तो मोडला कॉलनीच्या तोंडाशी परमिट रूम आली तेव्हा. कोपऱ्यावरचा बंगला विकला गेला, त्याच्या अंगणात टेबलं मांडली गेली. दहानंतर गाणी रंगात यायची आणि बारानंतर मोटारसायकली. धुळ्याहून आलेल्या मावशीनं तिसऱ्या रात्री विचारलं, "रातले झोप येस का रे भो तुमले?"

येत नव्हतीच. म्हणून सह्यांचा अर्ज काढायचं ठरलं. एक शेजारी म्हणाले, "आवाजाचं काय घेऊन बसलात? दुकानच उठवा." तसा मार्ग आहे. प्रभागातल्या महिलांनी ठरावीक संख्येनं मागणी केली, तर मतदान होतं आणि 'आडवी बाटली' जिंकली, तर दुकान बंद होतं. पण 2017 सालची गंमत आम्ही विसरलो नव्हतो. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं. लगेच जळगाव शहरातले काही रस्ते महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला. रस्ता तोच, फक्त मालक बदलला! नागरिकांनी ओरड केली. पुढे जुलै 2017 मध्ये न्यायालयानंच शहराच्या हद्दीतल्या परवान्यांना मोकळीक दिली. दारूचा वाद असा वर्षानुवर्षं चालतो. आमची झोप मात्र आज रात्रीची होती.

म्हणून अर्जात फक्त आवाजाचं लिहिलं. 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची. गोव्यात हणजुणे-वागातोरचा रात्रीच्या संगीताचा वाद याच नियमांवरून उच्च न्यायालयात गेला.

पोलिसांकडे जाण्याआधी आम्ही चौघं मालकाला भेटलो. त्यानं चहा मागवला, अर्ज शांतपणे वाचला आणि मला म्हणाला, "काका, फेब्रुवारीत तुमच्या पुतण्याच्या हळदीला डीजे किती वाजेपर्यंत चालला?"

मी गप्प. रात्रीचा एक वाजला होता. "माझ्याकडे बारा पोरं कामाला आहेत," तो म्हणाला, "सगळी आसपासच्या खेड्यांतली. तीही त्या रात्री झोपली नव्हती."

राग आला, पण उत्तर सुचेना. शेवटी तोड निघाली. दहानंतर अंगणातले स्पीकर बंद, गाड्या लावायला एक माणूस. आणि कॉलनीतही कुणाच्या घरचं कार्य असो, दहाला डीजे थांबणार.

पहिली परीक्षा आमचीच झाली. आठवड्याभरात समोरच्या घरी हळद होती. दहाला पाच कमी असताना मी डीजेवाल्या पोराजवळ जाऊन उभा राहिलो. "आपल्याच लोकांच्या आनंदात विघ्न!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही; आजही ते जेवढ्यास तेवढंच बोलतात. पण गाणं थांबलं. थोड्या वेळानं कोपऱ्यावरचंही थांबलं.

परमिट रूम अजून आहे. अधूनमधून मालकाला आठवण करून द्यावी लागते, तशी तो आम्हालाही देतो.

त्या रात्री गच्चीवर पडलो, तर स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली. कितीतरी दिवसांनी! मावशीला सांगायला वळलो, तर ती केव्हाच झोपली होती.