ड्रूप कोणाला जास्त घाबरतो?

डंजन मास्टरला आमच्या टेबलावर नुसतं डीएम म्हणतात. खेळाडू आपापलं एकेक पात्र सांभाळतात. उरलेलं अख्खं जग डीएमच्या गळ्यात. त्यातला खलनायक मला कधीच जड गेला नाही. आवाज खाली न्यायचा, सावकाश बोलायचं, झालं काम. घाम फुटतो तो त्याच्या पायाखाली भरडलेल्या हुजऱ्याला वठवताना.

आम्ही खेळतो त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा स्टार्टर सेट २०१४ साली आला, त्यात 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' ही मोहीम होती. फँडेलिन गावाला नाडणाऱ्या रेडब्रँड टोळीचा अड्डा ट्रेसेंडर वाड्याखाली असतो. तिथे तीन बगबेअर, म्हणजे दांडगे राक्षस, ड्रूप नावाच्या एका गॉब्लिनला, म्हणजे बुटक्या राक्षसाला, छळत असतात. पुस्तकात तो जेमतेम काही ओळींचा धनी, पण त्याची भीती आकड्यांतच दिसते. त्या संचात साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ७. बगबेअरचे २७, आणि त्याच्या काटेरी गदेचा एक फटका सरासरी ११ चा. म्हणजे मालकाचा हात एकदा नीट बसला की ड्रूप संपला. वार करूनही त्याच पाळीत निसटायची किंवा लपायची सोय नियमांनी गॉब्लिनला दिली आहे, पण पळून जाणार कुठे?

खेळाडू खोलीत शिरले की बगबेअर ओरडतो, "बघतोस काय? मार!" इथे माझा एक हट्ट आहे. ड्रूपने खरोखर वार करायचा. फासा सगळ्यांसमोर टाकायचा आणि लागला तर लागला, दयेपोटी आकडा झाकायचा नाही. हाताला रक्तच लागलं नाही, तर त्याची कीव फुकटात मिळते.

खरा खेळ पुढे, तो हाती लागल्यावर. लढवय्या त्याची मानगूट धरतो, दरडावण्याचा फासा टाकतो, १८ येतात. दरडावणी लागू पडली, हे मान्यच. पण जन्मभर दरडावणीच ऐकलेला प्राणी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो.

"आत किती जण?"

"तीस, साहेब!"

"तीस?"

"दहा, साहेब! दहाच असतील."

दुसरी खेळाडू मन ओळखण्याचा फासा टाकते. जमला तरी 'तो खोटं बोलतोय' असं मी सांगत नाही. दिसेल तेवढंच सांगतो: प्रत्येक उत्तराआधी तो दाराकडे बघतोय. मग ती उठून दार लावून घेते, त्याच्याशेजारी खाली बसते, शिधा पुढे करते. आता मी आवाजातली थरथर कमी करतो आणि वाक्यं लांबवतो. कुठल्या वाटेने गेलं तर पहारा चुकेल, हे तो न विचारता सांगायला लागतो. त्याची मान अजून अधूनमधून दाराकडे वळते, ती मी मुद्दाम वळवतो.

त्यानंतरचा वाद लढाईपेक्षा लांबतो. ज्याचा दंड ड्रूपने कापला, त्या पुजाऱ्याला त्याला बांधून गावात न्यायचंय. शेजारी बसलेली म्हणते, सोडून द्या. लढवय्याला तो वाटाड्या म्हणून हवाय. मी मध्ये पडत नाही, चहा घेतो. शेवटी ड्रूपच विचारतो, "तुमच्यात मालक कोण?" तिघेही एकदम बोलायला लागतात. तोवर ड्रूपने त्यांतल्या सगळ्यात दांडग्याची पिशवी खांद्यावर घेतलेली असते.