बर्फाला वाफसा येतो तेव्हा

बंगळुरूतला आजवरचा सर्वांत थंड दिवस १३ जानेवारी १८८४ चा. त्या दिवशी पारा ७.८ अंशांवर उतरला होता. त्यानंतर या शहराने तेवढीही थंडी पाहिलेली नाही, मग बर्फाची काय कथा. जयमहल रस्त्यालगत एका करमणूक उद्यानात उणे पाच अंशांची बंद खोली आहे, तिथे मुलं भाड्याचे कोट घालून बर्फाचे गोळे फेकतात. शहराच्या वाट्याला आलेला बर्फ एवढाच.

आणि तरीही इथून काश्मीरमधल्या गुलमर्गला स्की करायला निघालेल्या माणसाला विचारा. संगणकावर तक्ता तयार असतो: लांबी, वजन, किंमत, कंपनी, रंग. स्कीबोर्ड, म्हणजे आखूड फळीची स्की, घ्यायचा ठरवून तो एवढी तयारी करतो आणि एक रकाना मात्र सोडून देतो. बर्फ कोणता असेल?

दोष त्याचा एकट्याचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. पाऊस म्हटला की मराठीत भुरभूर, रिपरिप, सर, वळीव, मुसळधार असं सगळं हाताशी येतं. जमीनही काळी, मुरमाड, चोपण, तांबडी. पण उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ आणि गुलमर्गवरच्या अफरवत शिखराच्या माथ्यावर गुडघाभर साचतो तोही बर्फच. शेतकऱ्याला मात्र हा विषय दोन वाक्यांत समजेल. पाऊस झाला म्हणून कोणी लगेच पाभर जुंपत नाही. जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबतो. बर्फालाही वाफसा येतो. आखूड फळीचा जन्मच त्या वाफशासाठी झाला.

आल्प्समध्ये विसाव्या शतकात ‘फिर्नग्लायटर’ नावाचं एक साधन होतं. फिर्न म्हणजे जुना, मुरलेला, दाणेदार बर्फ. वसंतात शिखर चढून गेलेले गिर्यारोहक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपासची ही फळी पाठपिशवीला बांधून नेत आणि उतरताना पायाला लावून घसरत खाली येत. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लिफ टेलर या प्रशिक्षकाने नवशिक्यांना आधी आखूड स्की देऊन क्रमाक्रमाने लांब स्कीकडे न्यायची पद्धत रुजवली. ‘आखूड म्हणजे शिकाऊंची’ हा समज बहुधा तिथूनच चिकटला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीने ‘बिगफूट’ आणली. तिच्या टोकाला चक्क पायाची बोटं होती. लोक हसले आणि लोकांनी विकतही घेतली. मग १९९५ मध्ये जेसन लेव्हिन्थल या अमेरिकन तरुणाने ‘लाइन’ ही कंपनी काढली, दोन्ही टोकं वर वळलेले स्कीबोर्ड बनवले, आणि १९९८ ते २००० या काळात हिवाळी एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डिंगच्या स्पर्धाही झाल्या. नंतर लांब स्कीच दोन टोकांच्या झाल्या आणि स्कीबोर्ड हौशी मंडळींपुरता उरला.

वस्तू तशी साधी. साधारण ७५ ते १०० सेंटिमीटर लांब, काही त्याहून थोड्या मोठ्या. आत लाकडाचा गाभा, त्यावर काचतंतूंचे थर, कडेला पोलादी धार, तळाला उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची पट्टी. हातात काठ्या घ्यायची गरज नाही. मधला भाग कमरेसारखा आत घेतलेला असतो, म्हणून फळी कलती केली की ती आपसूक वळते. लांबी कमी, म्हणून वळणही छोटं. कर्नाटकाचं नाव बर्फावर नेणारी कोडगूची भवानी थेक्कडा नंजुंडा क्रॉस-कंट्री स्कीपटू आहे. तिच्या स्की उंच माणसाएवढ्या लांब आणि अंगठ्याच्या दीडपट-दुप्पट रुंद. सपाटीवर मैलोन्‌मैल सरकायचं तर तसंच हवं. उतारावर नाचायचं तर स्कीबोर्ड.

आता हिशेब करू. कपडे-बुटांसकट ८० किलोचा माणूस धरा. नुसते बूट असतील तर दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १३३ ग्रॅम भार. ९० सेंटिमीटर लांब, १० रुंद अशी स्कीबोर्डची जोडी घातली की तो ४४ ग्रॅमवर येतो. १८० सेंटिमीटर लांब, सरासरी साडेअकरा रुंद अशा जाड स्की घातल्या तर १९. ताज्या कोरड्या हिमाचा घनमीटर अवघा ५० ते १०० किलोचा, म्हणजे पाण्याच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढा. बाकी सगळी हवा. त्यात ४४ ग्रॅमचा भार टोकापासून बुडतो आणि माणूस तोंडावर आपटतो. पावसाळ्यात काळ्या रानात बारीक धावेची बैलगाडी घालण्यासारखंच आहे हे.

या बाबतीत स्की बनवणाऱ्यांचेही डोळे उशिरा उघडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट हूबरने स्नोबोर्ड मधोमध कापून रुंद स्कीची कल्पना लढवली. स्कीपटू शेन मॅकॉन्कीने तर भुसभुशीत हिम म्हणजे पाणीच, असं मानून अलास्कात पाण्यावरच्या स्की पायाला लावल्या. त्यातून २००२ मध्ये ‘स्पॅट्युला’ आली, टोकं नावेसारखी उचललेली. आज रुंद स्कीबोर्डांनाही अशी उचललेली टोकं मिळतात. त्याने बुडणं कमी होतं, थांबत नाही.

दुसरं टोक कडक बर्फाचं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचे उतार जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फाचे होते, आणि तिथे काश्मीरचा आरिफ खान जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्या शर्यतीत पुरुषांची स्की किमान १९३ सेंटिमीटर लागते आणि वळणाची त्रिज्या किमान ३० मीटर. कडक पृष्ठभागावर पकड धारेची, आणि धार जेवढी लांब तेवढी पकड. स्कीबोर्डची धार मुळात तोकडी. त्यात टोकं उचललेली असली तर जमिनीला टेकणारा भाग आणखी घटतो आणि वेगात फळी थरथरते. कडक उतारावर स्कीबोर्ड न्यायचाच असेल तर टोकं न उचललेला, पोटाशी कमान असलेला आणि कमरेला अरुंद निवडावा. धारेला नुकतीच कानस लावलेली असावी.

कोणता बर्फ केव्हा, याचं पंचांग काश्मिरी माणसाने केव्हाच करून ठेवलंय. तो हिमाला ‘शीन’ म्हणतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. कलानमध्ये पडतो तो कोरडा, भुसभुशीत, आखूड फळीचा वैरी. बच्चा सरला की दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं सुरू होतं. या उलाढालीत हिमाचे नाजूक फाटे झिजतात, दाणे गोल होतात, एकमेकांना चिकटतात. पहाटे उतार काचेसारखा. ऊन चढलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, खालचा थर मात्र घट्ट राहतो. हा वाफसा. पूर्वेच्या उताराला आधी येतो, पश्चिमेच्या उताराला उशिरा. टिकतो तासदोन तास. दुपारी सगळ्याचा रबडा होतो आणि ओल्या हिमाचे कडे कोसळण्याची भीती असते, तेव्हा खाली यावं. त्या तासदोन तासांत ९० सेंटिमीटरची फळी जी मजा देते ती लांब स्कीला कधी जमलेली मी पाहिली नाही.

अर्थात पंचांगही हल्ली चुकतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. शिवाय एकाच दिवशीही बर्फ एक नसतो. गुलमर्गचं मैदान सुमारे २६५० मीटरवर आणि गोंडोला या रोपवेचं वरचं स्थानक चार हजार मीटरच्या जवळ. खाली चिखल, वर भुकटी, असं सर्रास घडतं.

बर्फ वाचायचं काम बंगळुरूही करतं, पण आकाशातून. २००३ मध्ये सोडलेला रिसोर्ससॅट-१ हा उपग्रह इथल्या इस्रोच्या केंद्रात जुळवलेला. त्याच्या एका कॅमेऱ्यातून दर पाच दिवसांनी हिमालय दिसे. हिम उजेडात लख्ख चमकतं, पण लघुतरंग अवरक्तात काळं पडतं, ढग मात्र तिथेही उजळ राहतात. या फरकावरून हिम ओळखायची रीत अनिल कुलकर्णी यांनी इस्रोत असताना सहकाऱ्यांसोबत या कॅमेऱ्यासाठी बसवली. पुढे ते इथल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रात आले. हिमाचे दाणे मोठे झाले की जवळच्या अवरक्तातही ते मंद दिसतं. उपग्रह जो दाणा वरून पाहतो, तोच आपल्या तळपायाला लागतो.

राहिलं फळीच्या तळाला लावायचं मेण. बोडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये आल्प्समधल्या युंगफ्राउयोखच्या उंचीवर प्रयोग करून मांडलं की स्की सरकते ती घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर. फार थंडीत हा पापुद्रा नीट तयार होत नाही, हिम वाळूसारखं ओढतं. तिथे कडक मेण. ओल्या हिमात पाणी जास्त होऊन फळी चोखली जाते. तिथे मऊ मेण, आणि तळावर खोल रेषा, पाणी निसटायला. फ्लुओरीनयुक्त मेणावर जागतिक स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी घातली आहे. जुनं मेण स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

जानेवारीत जाणार असाल तर स्कीबोर्ड घरी ठेवा आणि गुलमर्गात लांब, रुंद स्की भाड्याने घ्या. मार्चमध्ये जाणार असाल तर ९० ते १०० सेंटिमीटरची जोडी न्या. मात्र बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी पकड, बघा. स्कीबोर्ड आखूड असल्याने गुडघ्याला पीळ कमी बसतो, म्हणून बऱ्याच जोड्यांना न सुटणारी बाइंडिंग लावतात; पण पडताना तो जोर बुटाच्या वर नडगीवर जातो, आणि स्कीबोर्डवाल्यांत नडगी नि घोट्याची हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. सुटणारी बाइंडिंग वजनाला थोडी जड आणि किमतीला बरीच जड पडते. तीच घ्या.