गाजर गवत उपटायचं कधी?

मंडळी, आपण याला गवत म्हणतो खरं, पण ते गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत, फुलं पांढऱ्या टोपीसारखी म्हणून काँग्रेस गवत. (कुणी रागावू नये, नाव लोकांनी ठेवलंय!) हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात ते ठळकपणे नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं.

आता मुद्द्यावर येऊ. पहिल्या पावसाबरोबर रोप उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलतं. चांगल्या वाढलेल्या एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया सहज धरतात आणि त्या मातीत काही वर्षं टिकतात. आणि आपलं श्रमदान कधी? रस्त्याची कड पांढरीशुभ्र झाल्यावर! तेव्हा झाड उपटणं म्हणजे बी झटकत नेणं. शिवाय फुलोऱ्यात काम करणाऱ्यांचे हाल होतात. रोजंदारीवरच्या बायकांच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत खाज आणि चट्टे उठतात. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा पाठ सोडत नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल एवढं तरी काम देणाऱ्यानं पुरवलंच पाहिजे.

म्हणून आषाढातच उपटा. जमीन ओली असते, मूळ सकट येतं. विळ्यानं कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. फुलाआधीचा पाला खुशाल कंपोस्टमध्ये टाका, फुललेला मात्र नको.

मेक्सिकन भुंगेऱ्याबद्दल नेहमी विचारतात. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, चाचण्या घेऊन पुढच्या वर्षी सोडला. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून बराच गदारोळ झाला. कूळ एकच, त्यामुळे शंका रास्त होती. पावसाळ्यात भुंगेरा आणि त्याच्या अळ्या पानं फस्त करतात. पण पाऊस सरला की तो मातीत दडी मारतो आणि कालव्याकाठचं, पाटाच्या ओलीवरचं गाजर गवत मजेत फुलत राहतं. तिथे माणसालाच वाकावं लागतं.

आणि उपटल्यावर जमीन उघडी ठेवू नका, उघडी जागा त्याला फार आवडते. टाकळ्याचं बी फेका, किंवा साधं चाऱ्याचं गवत वाढू द्या. मग गणपती उठले की एक फेरी मारा, मागाहून उगवलेली रोपं तेव्हा सापडतात.