विश्लेषण : ‘वर्कप्लेस’ने गाशा का गुंडाळला? अख्खी कंपनी एका मंचावर आणणे अवघड का असते?

‘फेसबुक’ची मालक कंपनी ‘मेटा’चा कार्यालयांसाठीचा ‘वर्कप्लेस’ हा मंच ३१ ऑगस्ट २०२५ रोजी नेहमीच्या वापरासाठी बंद झाला. जुना मजकूर वाचण्यासाठी आणि उतरवून घेण्यासाठी ३१ मे २०२६ ही अखेरची मुदत देण्यात आली. ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न करून आपल्या कर्मचाऱ्यांना या मंचाची सवय लावली, त्यांच्यावर तेच काम पहिल्यापासून करण्याची वेळ आली. मोठ्या कंपन्यांना असा सामायिक मंच का हवा असतो आणि तो रुजवणे इतके कठीण का ठरते, याचा हा आढावा.

‘वर्कप्लेस’ म्हणजे काय?

कंपनीच्या आत चालणारे फेसबुक, असे त्याचे सोपे वर्णन करता येईल. विभागवार गट, सूचना, संदेश, चित्रफितींचे थेट प्रक्षेपण हे सगळे त्यात होते. मात्र प्रवेश फक्त त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना. २०१५ मध्ये ‘फेसबुक ॲट वर्क’ या नावाने त्याची चाचणी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो ‘वर्कप्लेस’ म्हणून बाजारात आला. तेव्हा त्याचा सर्वाधिक वापर होणाऱ्या पाच देशांत भारत होता आणि सुरुवातीच्या ग्राहकांत मुंबईत मुख्यालय असलेली येस बँकही होती. पुढे वॉलमार्टसारखी अवाढव्य कंपनी त्यावर आली. मे २०२१ मध्ये शुल्क भरून वापरणाऱ्यांची संख्या ७० लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

मग तो बंद का झाला?

मे २०२४ मध्ये हा निर्णय जाहीर करताना, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मेटाव्हर्सवर लक्ष केंद्रित करायचे असल्याचे कारण ‘मेटा’ने दिले. ग्राहकांना ‘झूम’च्या मालकीच्या ‘वर्कव्हिवो’ या मंचावर जाण्याचा पर्याय सुचवण्यात आला. मात्र बाजाराचे गणितही लक्षात घ्यायला हवे. २०१७ मध्ये आलेले ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ अनेक कंपन्यांना ऑफिस संचाबरोबरच मिळत होते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ‘टीम्स’चे मासिक वापरकर्ते ३२ कोटींवर गेले. ‘स्लॅक’ने या जोडविक्रीविरोधात २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. ती कंपनी पुढच्याच वर्षी ‘सेल्सफोर्स’ने २७.७ अब्ज डॉलरना विकत घेतली. जे आधीच्या संचाबरोबर मिळते, त्याच्यासारख्या दुसऱ्या गोष्टीसाठी वेगळे पैसे मोजायला कंपन्या सहसा तयार नसतात.

कंपन्यांना एकच मंच कशासाठी हवा असतो?

समजा, एखाद्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत, कारखाना चाकणला आणि विक्री कार्यालय नागपूरला आहे. प्रवासभत्त्याचा नियम बदलला. मुंबईत तो ई-मेलने कळला, चाकणला सूचनाफलकावर लागला आणि नागपूरला मात्र दोन वर्षांपूर्वीची प्रत संगणकात तशीच राहिली. आता नेमका नियम कोणता, हे विचारण्यासाठी फोनाफोनी सुरू होते. सामायिक मंचाचे पहिले काम हे की, प्रत्येक नियमाची आणि कागदाची चालू प्रत एकाच ठिकाणी असावी.

दुसरे काम म्हणजे कंपनीची स्मरणशक्ती जपणे. एखादा अनुभवी अभियंता निवृत्त होतो, तेव्हा यंत्राच्या कोणत्या बिघाडावर कोणता उपाय लागू पडला, हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. ते ई-मेलमध्ये असेल तर खाते बंद होताच ते कुणाच्या हाती लागत नाही. खुल्या गटात झालेली चर्चा मात्र त्याच्या जागी आलेल्या माणसालाही शोधून वाचता येते.

तरीही कर्मचारी तो का वापरत नाहीत?

पहिले कारण, असा मंच सुरुवातीला ओस असतो. इतर तेथे नाहीत म्हणून आपण जात नाही आणि आपण नाही म्हणून इतर येत नाहीत. दुसरे, जुनी वाट बंद केली जात नाही. तेच परिपत्रक ई-मेलनेही येणार असेल तर नवा मंच उघडायचा कशाला, हा कर्मचाऱ्याचा प्रश्न रास्तच असतो. मग नवा मंच कामाला मदत करण्याऐवजी तपासण्याच्या जागांत आणखी एकीची भर घालतो. तिसरे कारण वरिष्ठांचे वर्तन. उद्घाटनाच्या दिवशी संचालक शुभेच्छा संदेश टाकतात आणि दुसऱ्या दिवसापासून निर्णय पुन्हा फोनवर किंवा बंद दाराआड घेतात. निर्णय जेथे होतात, तेथेच कर्मचारी जातात.

जेथे गेल्याशिवाय काम होत नाही, त्या ठिकाणाची सवय आपोआप लागते. ‘टीसीएस’च्या ‘अल्टिमॅटिक्स’ या अंतर्गत प्रणालीचे उदाहरण घेता येईल. कामाच्या तासांची नोंद, रजा, पगारपत्रक तेथेच असल्याने ती उघडावीच लागते. केवळ वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि समारंभांच्या छायाचित्रांवर उभा केलेला मंच मात्र काही महिन्यांत ओस पडतो.

‘ॲटॉस’च्या प्रयोगातून काय दिसले?

फ्रान्सच्या ‘ॲटॉस’ या माहिती तंत्रज्ञान कंपनीचे तत्कालीन प्रमुख थिएरी ब्रेतों यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये तीन वर्षांत अंतर्गत ई-मेल शून्यावर आणण्याची घोषणा केली. कर्मचाऱ्याला दिवसाला येणाऱ्या सुमारे २०० ई-मेलपैकी जेमतेम २० कामाचे असतात, असे त्यांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये कंपनीने ‘ब्लूकिवी’ हा मंच बनवणारी कंपनीच विकत घेतली. शून्याचे लक्ष्य काही गाठता आले नाही. मात्र अंतर्गत ई-मेल सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. त्यासाठी नुसते सॉफ्टवेअर पुरले नाही. कोणते काम ई-मेलविना कसे होईल, हे कामांनुसार ठरवावे लागले आणि व्यवस्थापकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे लागले.

व्हॉट्सॲपवर काम चालते, मग अडचण काय?

भारतातील बहुतेक कार्यालयांत खरा स्पर्धक व्हॉट्सॲप हाच आहे. ते प्रत्येकाच्या खिशात आहे, मराठीतून वापरता येते आणि शिकवावे लागत नाही. अडचण नोंदींची आहे. गटातील माहिती वैयक्तिक फोनमध्ये राहते. नोकरी सोडलेला माणूस गटात तसाच राहू शकतो आणि नव्याने आलेल्याला मागची चर्चा सहसा दिसत नाही.

याची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेत दिसले. कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक फोनवरील संदेशांतून व्यवसायाची चर्चा केली आणि त्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत, म्हणून तेथील बाजार नियामक ‘एसईसी’ने सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरील १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड केला. या संस्थांकडे अधिकृत साधने नव्हती, असे नाही. लोकांना दुसरा मार्ग सोपा वाटला, इतकेच.

कारखान्यातील कर्मचाऱ्यांचे काय?

मंच आखणारे मुख्यालयात बसतात. त्यांच्यापुढे संगणक असतो, कंपनीचा ई-मेल असतो. यंत्रावर उभा असलेला कामगार, गोदामातील हमाल, दुकानातील विक्रेता यांच्याकडे यांपैकी बहुधा काहीच नसते. प्रवेशासाठी कंपनीचा ई-मेल सक्तीचा केला की हा मोठा वर्ग दारातच अडतो. कर्मचारी क्रमांकावर आणि मोबाइलवर चालणारी प्रवेशपद्धत, मराठी-हिंदी मजकूर आणि पाळीच्या वेळेतच तो पाहण्याची मुभा, या साध्या गोष्टींवर यश अवलंबून असते. शिवाय त्यांच्या उपयोगाचे काही तेथे हवे. पुढच्या आठवड्याची पाळी, शिल्लक रजा, सुरक्षेची सूचना हे मिळत असेल तर कामगार मंच उघडतो. अध्यक्षांचे भाषण पाहण्यासाठी तो येईल, ही अपेक्षा फोल आहे.

पाळत आणि वेळीअवेळी संदेशांची भीती रास्त आहे का?

ती निराधार नाही. ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ या सुविधेत कोणता कर्मचारी कोणते साधन किती वापरतो, हे नावानिशी दिसत होते. २०२० मध्ये टीकेची झोड उठल्यावर कंपनीने त्यातून व्यक्तींची नावे काढली. सतत वाजणारा फोन ही दुसरी तक्रार. कार्यालयीन वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. कोणती नोंद कोण पाहू शकतो आणि रात्री आलेल्या संदेशाला उत्तर देणे बंधनकारक आहे का, हे कंपनीने आधीच लेखी सांगितले नाही, तर कर्मचारी मंचावर येतात पण मोकळेपणाने बोलत नाहीत.

कंपन्यांनी कोणती काळजी घ्यावी?

सुरुवात एकाच विभागातून आणि एखाद्या खऱ्या अडचणीपासून करणे शहाणपणाचे. जुनी वाट कोणत्या तारखेला बंद होणार, हे जाहीर हवे. प्रत्येक पानाला जबाबदार माणूस हवा, नाही तर वर्षभरात मंचाची अडगळीची खोली होते. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा, यासाठी मंच मनुष्यबळ विभागाच्या नोंदींशी जोडलेला हवा. यशही कितीजण आत आले यावर मोजू नये. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले का आणि किती वेळात, हे पाहावे.

‘वर्कप्लेस’च्या अखेरीने यात आणखी एका मुद्द्याची भर घातली आहे. मंच भाड्याचा असतो; त्यावर साठलेले ज्ञान कंपनीचे असते. तो बंद झाल्यास मजकूर कोणत्या स्वरूपात परत मिळेल, चर्चेतील प्रश्न आणि उत्तर यांची सांगड त्यात टिकेल का आणि मुदत किती मिळेल, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागेल. ‘वर्कप्लेस’च्या ग्राहकांना घोषणेनंतर सुमारे दोन वर्षे मिळाली. प्रत्येक वेळी एवढी सवड मिळेल, याची हमी नाही.