शाहिरीचा काळ गेला, म्हणजे नेमकं काय गेलं? (लेखांक 6)

सोलापूर-बार्शी भागात चळवळीच्या गाण्यांचा विषय निघाला की जुन्या पिढीचा एक निकाल ठरलेला असतो: तसं आता राहिलं नाही. ‘तसं’ म्हणजे अमर शेखांसारखं. बार्शीत 1916 साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल गिरणीत राबले, संपात उतरले, विसापूरच्या तुरुंगात गेले आणि पुढे अमर शेख झाले. 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने सभा पेटवल्या. या उंचीशेजारी मोबाईलवर रॅप करणारी विशीतली पोरं उभी केली की तुलना सुरू होण्याआधीच संपते. पण ही तुलना मुळातच एकतर्फी आहे. एका बाजूला तीन-चार पिढ्यांतून गाळून उरलेली तीन नावं आहेत आणि दुसऱ्या बाजूला गेल्या आठवड्यात जे जे फोनवर चढलं ते सगळं, गाळासकट. त्या काळी गावोगावी उभ्या राहिलेल्या पथकांत बेसूर गाणारे, घोषणांना नुसती चाल लावणारे किती असतील? त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, कारण रस्त्यावरचा कार्यक्रम टिपून ठेवायला यंत्र नव्हतं. त्या काळाची भिकार गाणी विस्मृतीत गेली. आपली मात्र साठवली जात आहेत.

यावर आक्षेप येतो की प्रश्न दर्जाचा नाही, वृत्तीचा आहे. शाहिराकडे विचार होता, रॅपरकडे फक्त ‘मी, मी’ आहे. हा आक्षेप सोलापूरकरांनी घ्यावा याचं मात्र आश्चर्य वाटतं. याच गावचे राम जोशी विद्वान ब्राह्मण घरातले. तमाशाच्या नादापायी त्यांना घराबाहेर पडावं लागलं आणि धोंडीबाच्या फडात ते शाहीर झाले. त्यांच्यावर 1947 साली चित्रपट निघाला तोवर ते आदरणीय झाले होते. हयातीत ते घराण्याला लागलेला डाग होते. आणि मिरवण्याचंच म्हणाल, तर कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत दुसरं काय चाले? प्रतिस्पर्ध्याला कोडं घालायचं, त्याची अक्कल काढायची, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. आजची रॅपची जुगलबंदी अमेरिकेतून आली हे खरं, पण मराठी माणसाला तिच्यात परकं वाटावं असं फारसं काही नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: त्यांनी किंमत मोजली. मोजलीच. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी आली. परंतु किंमत मोजणं तिथे थांबलेलं नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना 2013 साली विधानभवनासमोर अटक झाली; 2020 मध्ये त्याच मंचाचे आणखी कलावंत एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात गेले. एप्रिल 2023 मध्ये राज्यातल्या सत्तांतरातल्या पैशांच्या ‘खोक्यां’वर रॅप करणाऱ्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, आणि त्याच सुमारास उमेश खाडेवरही मुंबईत. फरक असलाच तर क्रमाचा आहे. पूर्वी संहिता आधी पोलिसांपुढे ठेवावी लागे. आता गाणं आधी लोकांपर्यंत पोचतं आणि पोलीस मागून येतात.

मग गेलं काय? माझ्या मते गाणं किंवा धैर्य गेलेलं नाही, गेली ती गाण्याला उभं राहायला मिळणारी जागा. अमर शेखांना श्रोते शोधावे लागत नव्हते. पाळी सुटली की गिरणीच्या दारात हजारो माणसं असत, सभा युनियनने बोलावलेली असे, आणि गाण्यातून जमलेले पैसे संपाच्या फंडात जात. गाण्यानंतर काय करायचं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या. कामगार यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये आणि विडीच्या पाटीभोवती घराघरांत विखुरला. विडी कामगार बायांची संघटना टिकली आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. पण घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया एकाच वेळी एका दारातून बाहेर पडत नाहीत.

अर्थात या जागेचं भाडं द्यावं लागे, आणि हळवी मंडळी नेमकं तेच विसरतात. काय गायचं, कुणाविरुद्ध गायचं नाही, हे पक्ष ठरवी. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात विलास घोगरे यांची कहाणी आहे. मुलुंडच्या झोपडीतला हा विलक्षण गायक क्रांतिकारी गटासाठी गात होता आणि त्याच गटाने त्याला बाहेर काढलं. जुलै 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केल्यावर काही दिवसांतच घोगरे यांनी आयुष्य संपवलं. आजच्या रॅपरला असा कुणी बाहेर काढू शकत नाही, कारण तो कशाच्या आतच नाही. हे त्याचं स्वातंत्र्य आहे आणि दुबळेपणही. मुंगासेच्या बाजूने विरोधी नेते बोलले, त्याचं गाणं लाखोंनी ऐकलं. पण ऐकणारे एकमेकांना ओळखत नव्हते.

‘गली बॉय’नंतर रॅप बाजारात गेला, एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला, म्हणून सगळं संपलं असंही म्हटलं जातं. पण अमर शेखही ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’मध्ये पडद्यावर दिसले होते, म्हणून काही त्यांना कुणी विकाऊ म्हणत नाही. तेव्हा कालच्या शाहिराशी तुलना करून आजच्या पोरांना नापास करणं थांबवावं. त्यांना गायला शिकवण्याची गरज नाही. सोलापुरातल्या संघटनांनी आपल्या सभेच्या मंचावर त्यांना वेळ द्यावा, आणि पुढाऱ्यांची भाषणं तेवढी आखूड करावीत. पुढच्या लेखांकात कॅसेटच्या काळाकडे वळू.