सरळ बोटांचा काफी

जुनं क्लॅरिनेट घरी आणलं आणि पहिल्याच रात्री ते बिघडलेलं आहे असं मी ठरवून टाकलं. पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे डावा अंगठा मागच्या भोकावर ठेवला, त्याच हाताची तीन बोटं पुढच्या तीन भोकांवर, उजवा हात मोकळा. आकृतीखाली लिहिलं होतं ‘सी’. सी म्हणजे पेटीची पांढरी एक, एवढं मला कळतं. पण पांढरी एक दाबून फुंकलं तर दोन सूर एकमेकांना खायला उठले. चाचपडत गेलो तेव्हा वाद्याचा सूर जुळला काळी पाचशी. म्हटलं, फसलो.

दुसऱ्या दिवशी वाद्य घेऊन मास्तरांकडे गेलो. लग्नं, वराती, विसर्जनाच्या मिरवणुका यांत वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आता घरीच दोन-चार जणांना शिकवतात. त्यांनी रीड ओठांत धरून ओली केली, एकदा फुंकलं, पेटीवर एक बोट ठेवलं आणि हसले. “अहो, काळी पाचचंच आहे हे. वाद्य धड आहे, पुस्तक बोटांची भाषा बोलतंय.”

या एका वाक्याचा उलगडा व्हायला मला पंधरवडा लागला. क्लॅरिनेटचं एक घराणंच आहे. आपल्याकडे बँडमध्ये दिसतं ते बी-फ्लॅटचं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात त्याच्या जोडीला किंचित लांब असं ‘ए’चंही असतं. मोत्सार्टचा 1791 चा क्लॅरिनेट कंचेर्टो या ए पट्टीतलाच. वाजवणाऱ्याने वाद्य बदललं म्हणून बोटंही नव्याने शिकायची का? म्हणून कागदावरचा ‘सी’ हा सूर नव्हे, बोटांची एक ठेवण. ती ठेवण बी-फ्लॅटच्या नळीत काळी पाच बोलते, ए च्या नळीत पांढरी सहा. आपल्याला हे जड जायला नको खरं तर. आपला ‘सा’ तरी कुठे एका जागी बसतो?

मास्तरांनी पुस्तक मिटायला लावलं. “सा पांढरी चारवर धरा. सहाही भोकं बंद, मागे अंगठा.” उजवा हात खाली, डावा वर. जवळजवळ पाऊण किलोचं वाद्य उजव्या अंगठ्यावर तोलायचं, त्यामुळे दहा मिनिटांत त्या अंगठ्याला रग लागते. भोकं बोटाच्या टोकाने नव्हे, पेराच्या गादीने झाकायची. केसाएवढी फट राहिली तरी वाद्य किंचाळतं. झाकणं नीट जमलं की वाद्य खाली ठेवल्यावर बोटांवर गोल वळ दिसतात. मास्तर सूर ऐकायच्या आधी ते वळ बघायचे.

मी लहानपणी बासरी फुंकलेली. तीच सवय इथे लावली, खालून एकेक बोट उचलत गेलो. सा, रे बरोबर आले. गंधार कोमल निघाला. मग म, प, ध ठीक, आणि नुसता अंगठा उरला तेव्हा निषादही कोमल. शेवटी अंगठाही उचलला की वरचा सा. मी सरळ बोटांनी चक्क काफी वाजवत होतो! दर वेळी तसंच. शुद्ध गंधार हवा तर उजवी तर्जनी उचलून मधलं बोट दाबायचं, शुद्ध निषादाला अंगठा सोडून डावी तर्जनी तेवढी ठेवायची. ही दोन उलटी वळणं हातात बसली की बिलावल. कुठल्याच पुस्तकात मला हे असं लिहिलेलं दिसलं नव्हतं आणि माझ्या मते शिकवणीची सुरुवात इथूनच व्हावी.

खरा धक्का पुढेच होता. डाव्या अंगठ्याच्या वर एक छोटी कळ असते. बासरीत फुंक जोरात मारली की सा चा वरचा सा होतो. सनईतही तसंच. इथे सहा बोटांचा सा धरून अंगठ्याने ती कळ दाबली आणि निघाला तार सप्तकातला पंचम. एका टोकाला रीडने बंद आणि आतून सरळ नळी असली की पुढचा सूर तिप्पट कंपनांवर उडी मारतो. सनई आतून शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून ती दुपटीवर थांबते. लोक दोघींना बहिणी म्हणतात, पण पोटातून त्या वेगळ्या.

या उडीची किंमत बोटं मोजतात. सप्तकाला 12 वेगवेगळ्या ठेवणी पुरल्या असत्या, इथे 19 लागतात. बोटं तर तेवढीच. म्हणूनच या 17 कळा आणि 6 कड्यांचं जंजाळ. आज सर्रास चालणारी ही रचना क्लोझे हा वादक आणि ब्यूफे हा कारागीर यांची, 1839 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली. नाव मात्र लागलं बासरी सुधारणाऱ्या बोमचं.

सगळ्यात अवघड जागा उडीच्या खालचा आणि वरचा या दोन मजल्यांच्या मधली. खालच्या मजल्याच्या शेवटच्या सुरांना बोटं जवळजवळ नसतातच, आवाजही दबका, घशात अडकल्यासारखा. पुस्तकातल्या ‘ए’ला एकच बोट लागतं. त्याच्या पुढच्या ‘बी’ला करंगळीसकट आठ, तीही एकाच क्षणी पडायला हवीत. मास्तरांची युक्ती अशी की तिथे पोचण्याआधीच उजवा हात गुपचूप खाली टेकवून ठेवायचा. त्या दबक्या सुरांचं त्याने काही बिघडत नाही. मला हे कळायला दोन महिने लागले.

आता गाणारा पट्टी सांगतो तेव्हा मी मनात काळ्या-पांढऱ्या मोजून दोन पट्ट्या वर चढतो. पांढरी चार म्हणाला तर पुस्तकातला जी, काळी दोन म्हणाला तर एफ, काळी एक म्हणाला तर ई-फ्लॅट, आणि मग कपाळाला आठी पडते, कारण त्यात तीन सूर फ्लॅट येतात आणि कळा शोधाव्या लागतात.

तुम्ही बी-फ्लॅटचं जुनं क्लॅरिनेट घ्यायला जाणार असाल, तर पेटी वाजवणारं कुणीतरी बरोबर न्या. पुस्तकातला सी फुंका. काळी पाच लागली तर पैसे द्यायला हरकत नाही.